बसा सर, सोडतो!

अकोल्यात माणसाला चालू देत नाहीत! अतिशयोक्ती वाटते? ऐका.

सदुसष्टाव्या वाढदिवसाला आमच्या चिरंजीवांनी, अद्वैतनं, पुण्याहून मला काय पाठवावं? काठी! वर पितळी मूठ, खाली रबर. मी तिथल्या तिथं कुंदाला, म्हणजे बायकोला, सांगून टाकलं, "अमरावतीत ज्येष्ठांची पाच किलोमीटर चालण्याची शर्यत आहे. पदक आणतो, आणि काठी त्याच खोक्यातून पुण्याला परत!"

"आधी जठारपेठ चौकापर्यंत जाऊन या," कुंदा म्हणाली.

सकाळी निघालो. छाती पुढे, श्वास नाकानं, पहिली शंभर पावलं अशी पडली की एखाद्या तरुणानंसुद्धा—

पीं!

"सर! पायी? गाडी बिघडली काय?"

देवमन. सत्त्याण्णवची बॅच. तीस वर्षं गणित शिकवल्याचं हे फळ: शहरातल्या दर दुसऱ्या स्कूटरवर माझा विद्यार्थी!

"व्यायाम करतोय रे."

"मजाक नका करू, सर. बसा, सोडतो!"

"कुठे?"

"कुठंबी!"

सोडलं. घरी. एकूण चाल: एकशे चार पावलं.

दुसऱ्या दिवशी रस्ता बदलला. चिटपाखरू नाही. आता बघा कसा वेग—

पीं!

तिसऱ्या दिवशी तोंडाला दुपट्टा बांधला. फक्त डोळे उघडे. पीं! "काका, तुमी कोन हाय ते मालूम नाई, पन बसा!"

चौथ्या दिवशी मी भर चौकात ओरडलो, "नाही बसत! चालणार! मरेपर्यंत चालणार!"

संध्याकाळी अद्वैतचा फोन. "बाबा, घराचा पत्ता आठवतो ना? तीन जणांनी कळवलंय. तुम्ही रस्त्यावर भटकता, गाडीवर बसत नाही, ओरडता. काठीशिवाय बाहेर पडू नका. आणि ती शर्यत रद्द!"

मी! भटकतो! फोनवरच त्याला बावीसचा पाढा उलटा म्हणून दाखवला. तर स्पीकरवरून कुंदालाच म्हणे, "आई, बघ गं, काहीही बोलताहेत!"

मग पंधरा दिवस गच्चीवर चाललो. गोल गोल. घाण्याच्या बैलासारखा! पण चाललो.

रविवारी अमरावती. छातीवर सेहेचाळीस नंबर. चौथा किलोमीटर संपला तेव्हा मी तिसरा होतो. तिसरा! शेवटचं वळण, समोर फीत, फितीपाशी कुंदा, काठी चालली पुण्याला, पदक तर जवळजवळ गळ्यात—

पीं!

मोटारसायकलवर खुशालराव. अंजनगाव सुर्जीचे. बियाणं घ्यायला अमरावतीत आलेले. आणि आमच्या जुईलीचे सासरे!

"अजी व्याहीबुवा! पायी काहून चालून राहिले? अन् हा नंबर कायचा, दवाखान्याचा?"

"शर्यत आहे!" मी धापा टाकत म्हणालो.

"मंग त लवकर पोचाले पायजे! बसा!"

"चालण्याची शर्यत!"

त्यांचा चेहरा पडला. "म्हंजे आमच्या गाडीवर तुमाले बसाचं नाई."

आता तुम्हीच सांगा. विद्यार्थ्यावर ओरडता येतं. मुलीच्या सासऱ्यावर?

बसलो.

मागं स्वयंसेवक शिट्ट्या फुंकत धावत होते. खुशालरावांना वाटलं, कौतुक चाललंय. त्यांनी वेग वाढवला. फीत आम्हीच तोडली! पंच मला बाद करत होते, आणि हे त्यांनाच विचारत होते, "बक्षीस कुठं भेटते?"

घरी आल्यावर कुंदानं काठीचं खोकं तेवढं रद्दीत टाकलं.

तर काठी राहिली. रोज नेतो. टेकवत नाही! मागून हॉर्न आला की वळूनसुद्धा न बघता उगारतो. अद्वैत खूश, बाबा काठी वापरतात. रोज चार किलोमीटर होतात, आणि आता कोणाची थांबायची हिंमत नाही.

काल तर जाऊन येऊन एकही पीं नाही.

मीच दोनदा मागं वळून पाहिलं.