काजळमठ आणि नर्सबाई

नर्सबाई रहस्यकथा वाचायला बसल्या की पायांत चपला घालत. एरवी घरभर अनवाणी फिरणारी बाई. पण हातात भुताखेताचं पुस्तक आलं की खुर्ची उंबरठ्याशी ओढायची, दार सताड उघडं ठेवायचं, चपला घालायच्या आणि मगच पहिलं पान उलटायचं. मी एकदा कारण विचारलं.

"अरे, उठावं लागलं तर? त्या वेळी चपला शोधत बसू?"

"पण उठून जाणार कुठे?"

"ते तेव्हा बघू," असं म्हणून त्यांनी पान उलटलं.

त्यांचं आडनाव गुप्ते. पण ते फक्त रेशनकार्डावर आणि आमच्या वाचनालयाच्या वहीत. सगळी अंधेरी त्यांना नर्सबाईच म्हणायची. एका डॉक्टरीणबाईंच्या प्रसूतिगृहात त्यांनी वीसेक वर्षं काढली होती. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातून जगात आलेली, त्यामुळे अहोजाहो हा प्रकार त्यांनी फारसा पाळला नाही. पोलीस चौकीतल्या हवालदारालासुद्धा त्या "काय रे, खोकला गेला का?" असंच विचारायच्या. यजमान जाऊन काही वर्षं झाली होती. एका बैठ्या चाळीत शेवटच्या खोलीत त्या एकट्या राहत, आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत मी.

मी तेव्हा फोर्टात एका विमा कचेरीत होतो आणि संध्याकाळी सहा ते आठ वाचनालयाचा मानद ग्रंथपाल. मानद म्हणजे किल्ली माझ्याकडे आणि बोलणी खायची तीही मीच. दोन खोल्या, चार कपाटं आणि एक चिटणीस, जोगळेकर. जोगळेकर रजिस्ट्रार कचेरीतून निवृत्त झालेले. पुस्तक वाचण्यापेक्षा ते जसंच्या तसं परत येणं त्यांना जास्त महत्त्वाचं वाटे.

अशा या वाचनालयात पंचावन्न-छप्पन सालाच्या सुमारास 'काजळमठ' आली. लेखक मनोहर फणसे. समुद्राच्या टोकाला एक पडका मठ, त्यात काळी घोंगडी पांघरलेले तेरा जण, आणि पापणी न लवणारा त्यांचा महंत. दर अमावास्येला हे लोक मेलेल्यांना परत बोलावतात आणि त्याच्या बदल्यात जिवंतांचं काहीतरी घेतात. काय घेतात ते शेवटच्या प्रकरणात कळतं.

पुस्तकाने गावात नुसता धुमाकूळ घातला. स्टेशनमास्तरांच्या पत्नीने ते एका दिवसात परत केलं, आणि परत आलं तेव्हा त्याला काळा दोरा बांधलेला होता. एका गृहस्थांनी ते रात्री देव्हाऱ्याखाली ठेवलं, सकाळी देवाची समई कलंडली होती म्हणे, तेव्हापासून त्यांच्या घरी कादंबरी बंद. कोणीतरी उठवलं की असा मठ खरोखरच साकीनाक्यापलीकडच्या टेकडीवर आहे. कॉलेजातले दोघे सायकलींवरून शोधायला गेले. त्यांना एक गुराखी भेटला आणि म्हशी बुजवल्या म्हणून त्याने दोघांना यथेच्छ शिव्या दिल्या.

नर्सबाईंचा नंबर अकरावा होता. त्यांनी पुस्तक चार दिवस ठेवलं आणि परत आणून माझ्या टेबलावर टाकलं.

"कसं वाटलं?"

"लेखकाला शरीरशास्त्राचा गंध नाही," त्या म्हणाल्या. "मी जरा दुरुस्त केलंय."

मी पुस्तक उघडलं. समासांतून पेन्सिलीची बारीक, टोकदार अक्षरं धावत होती. नायिका नलिनी पहिल्यांदा बेशुद्ध पडते तिथे, "पोटात अन्न नाही. आधी पेज द्या." दुसऱ्यांदा पडते तिथे, "पेज दिली का?" तिसऱ्यांदा, "हिची पाळी वेळेवर येते का ते विचारा." महंताच्या न लवणाऱ्या पापणीशेजारी, "डोळ्यांत फूल पडेल." तेरा जण कमरेइतक्या समुद्रात पहाटेपर्यंत उभे राहून मंत्र म्हणतात, तिथे एकच शब्द होता, "न्यूमोनिया." रक्ताच्या अभिषेकाशी, "हे धुणार कोण?" आणि तिरडीवरचं प्रेत उठून बसतं त्या भयंकर पानावर, "म्हणजे मेलाच नव्हता. नाडी कोणी पाहिली होती?"

वाचनालयाचा नियम होता, पुस्तकावर लिहिल्यास सदस्यत्व रद्द. मी त्या संध्याकाळी खोडरबर घेऊन बसलो. चाळिसाव्या पानापर्यंत खोडलं. मग हसू आवरेना, म्हणून खोडरबर ठेवून नुसतंच वाचत सुटलो. तसंच पुस्तक पुढच्या सदस्याला दिलं, ही माझी चूक.

आठवडाभरात गर्दी उसळली. ज्यांनी आधी वाचलं होतं तेही परत नाव लावायला लागले. काळा दोरा बांधणाऱ्या बाईंनी निरोप पाठवला, "नर्सबाईंनी लिहिलेलं असेल तर देवघरात ठेवायलासुद्धा हरकत नाही." वर्सोव्याहून मासळी घेऊन येणारी चंद्राबाई कोळीण नर्सबाईंच्या ओट्यावर पापलेट साफ करता करता बरीचशी गोष्ट ऐकून गेली. दुसऱ्या दिवशी टोपली खाली ठेवायच्या आधीच तिने विचारलं, "बाय, तो गोसावी मेला का नाय अजून?"

"मरेल. दोन प्रकरणं सांगायची राहिलीत."

"आमच्यात असता तर जाल्यात घालून बुडवला असता," चंद्राबाई म्हणाली.

मग इतरांच्याही पेन्सिली बाहेर आल्या. नर्सबाईंच्या टिपणांना कोणी दाद देई, कोणी वाद घाली. सगळ्यात जास्त गर्दी झाली ती एकशे बाराव्या पानावर. तिथे माधव कंपाउंडर मठात जातो. हा माधव म्हणजे नायकाचा मित्र, साधा, पापभीरू माणूस. त्याची बायको वारलेली. महंत त्याला सांगतो, तुझी बायको तुझ्याशी बोलेल. आणि हा मित्राला सोडून घोंगडी पांघरून त्या तेरांत जाऊन बसतो. शेवटी मठाबरोबर तोही जळून मरतो. अंधेरीचे वाचक त्याच्यावर फार चिडले होते. समासात "मूर्ख," "गद्दार," "बरी अद्दल घडली" अशी रांग लागली होती. सगळ्यांच्या खाली, पानाच्या तळाशी, नर्सबाईंच्या अक्षरात आधीपासूनची एक ओळ होती.

"याला कोणी कधी जेवायला बोलावलं होतं का?"

मला ती तेव्हा गंमतच वाटली.

पुस्तक फिरत फिरत अखेर जोगळेकरांच्या हाती लागलं. नलिनीच्या पाळीची चौकशी वाचून ते लालबुंद झाले. "ही सार्वजनिक मालमत्ता आहे. आणि मजकूर असभ्य आहे. बाईंचं सदस्यत्व रद्द झालंच पाहिजे."

मी नर्सबाईंना सांगितलं. मला वाटलं त्या उडवून लावतील. त्या भाजी निवडत होत्या, तो हात थांबला. "खरंच काढतील का रे?" त्यांनी विचारलं. "संध्याकाळी मग मी काय करू?"

त्यांचा असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

निर्णय वार्षिकोत्सवानंतर व्हायचा होता. आणि त्या उत्सवाला जोगळेकरांनी खुद्द मनोहर फणशांना बोलावलं होतं. फणसे निघाले पस्तिशीचे, कृश, चष्मेवाले. एवढी प्रेतं उठवणारा माणूस स्टेजवरच्या डासांनी हैराण झाला होता. भाषण छोटं झालं आणि मग प्रश्न सुरू झाले. मठ खरा आहे का? महंत कोणावरून घेतला? शेवटी एका तरुणाने विचारलं, "त्या माधवला तुम्ही मारलात ते उत्तम केलंत. पण इतका मूर्ख माणूस नायकाचा मित्र कसा?"

फणसे हसले. "मूर्ख माणसाची फसवणूक दाखवायची होती. महंत लबाड आहे हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. त्याची शिक्षा त्याला मिळाली."

तिसऱ्या रांगेतून नर्सबाई उठल्या.

"त्याला कळत होतं," त्या म्हणाल्या.

"काय कळत होतं?"

"महंत लबाड आहे ते. पहिल्या दिवसापासून कळत होतं."

"बाई," फणसे म्हणाले, "माधव मी लिहिलाय."

सगळा हॉल हसला. मीही हसलो. नर्सबाई पिशवी उचलून खुर्च्यांमधून वाट काढत बाहेर गेल्या.

चहाच्या वेळी जोगळेकरांनी विद्रूप केलेली ती प्रत पुरावा म्हणून फणशांपुढे ठेवली. "बघा, तुमच्या साहित्याची काय विटंबना केलीय." फणसे वाचायला लागले. पेजेवर हसले. न्यूमोनियावर चष्मा काढून डोळे पुसण्याइतके हसले. मग एकशे बारावं पान आलं आणि ते हसायचे थांबले. ती ओळ त्यांनी दोनदा वाचली.

"ह्या बाई कुठे राहतात?" त्यांनी मला विचारलं.

दिवेलागणीला मी त्यांना घेऊन चाळीत आलो. नर्सबाई तांदूळ धूत होत्या. लेखकाला दारात पाहून त्यांना नवल वाटलं असेल, पण दाखवलं नाही. "बसा. आणखी एक मूठ टाकते," एवढंच म्हणाल्या.

फणसे खुर्चीच्या टोकावर बसले. "मघाशी लोक हसले. माझ्यामुळे हसले. माफ करा," ते म्हणाले. "पण मला विचारायचंय. माधवला कळत होतं हे तुम्ही कशावरून म्हणता?"

नर्सबाईंनी पातेलं स्टोव्हवर चढवलं, पदराला हात पुसले आणि सांगायला लागल्या. बाळंतिणीचा ताप सांगावा तशा सरळ आवाजात.

त्यांना एक मुलगी होती. नऊ वर्षांची असताना घटसर्पाने गेली, तीन दिवसांत. यजमानांनी तिचे फ्रॉक, पाटी, खेळणी सगळं देऊन टाकलं आणि घरात तिचं नाव काढायचं नाही असं ठरवलं. "दुष्टपणाने नाही हो. त्यांना वाटलं, नाव काढलं नाही तर दुखणार नाही. नातेवाईकही मग जपून बोलायला लागले. कोणी काहीच म्हणेना."

तेव्हा घाटकोपरच्या एका बंगल्यात दर गुरुवारी दुपारी एक मंडळ जमायचं. पडदे ओढून सगळे हातांत हात धरून बसत, आणि एक बुवा गेलेल्यांना बोलावी. शेजारच्या बाईंबरोबर नर्सबाई तिथे गेल्या.

"पहिल्याच दिवशी कळलं, सगळं खोटं आहे. तो बारीक आवाज काढून 'आई, मी सुखात आहे' म्हणाला. माझी पोर मला आई म्हणत नसे, माई म्हणायची. आणि तिचा आवाज तर चांगला घोगरा होता."

"मग तुम्ही परत गेला नाहीत," फणसे म्हणाले.

"वर्षभर गेले. एक गुरुवार चुकवला नाही."



"कारण सुरुवात करताना तो बुवा मोठ्याने तिचं नाव घ्यायचा," नर्सबाई म्हणाल्या. "पूर्ण नाव. सगळ्यांदेखत. अख्ख्या मुंबईत तेवढ्या एका ठिकाणी तिचं नाव कानांवर यायचं. त्यासाठी मी त्या लबाडाच्या शेजारी हात धरून बसत होते. तुमचा माधव मूर्ख नव्हता हो."

"मग सोडलंत कसं?"

"बुवाच पळाला. मग मी नर्सिंग शिकले. निदान दिवसभर पोरांची नावं तरी कानांवर पडतील म्हणून."

स्टोव्ह फरफरत होता.  फणशांनी हळूच विचारलं, "नाव काय होतं तिचं?"

 नर्सबाईंनी आधी पदर सारखा केला.

"शरयू," त्या म्हणाल्या. "शरयू रामचंद्र गुप्ते."

आणि मग त्या जे बोलत सुटल्या, ते भात झाला, आमटी झाली, पानं वाढली तरी बोलतच होत्या. शरयू झाडावर चढायची. शरयूला पाढे यायचे नाहीत, म्हणून ती ते गाण्यासारखे म्हणायची. तिने एकदा कोंबडीला आंघोळ घातली होती. फणसे विचारत होते, त्या सांगत होत्या, हसत होत्या. तीन वर्षं मी त्या भिंतीपलीकडे राहत होतो. आमच्या दोघांच्या खोल्यांमध्ये चार इंचांची वीट होती, आणि मला हे नाव ठाऊक नव्हतं.

जाताना फणसे म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत मी माधवला वाचवतो."

"छे. मेला तो मेला," नर्सबाई म्हणाल्या. "फक्त त्याला मूर्ख म्हणू नका."

फणशांनी वाचनालयाला एक कोरी प्रत सही करून दिली आणि बदल्यात ती रंगवलेली प्रत मागून नेली. पुरावाच गेल्यामुळे जोगळेकरांचा ठराव बारगळला. सदस्यत्व राहिलं. दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी एकशे बारावं पान आधी काढलं. माधव तसाच मठात जात होता आणि तसाच मरत होता. फक्त आत बसल्यावर महंत त्याच्या बायकोचं नाव घेतो, आणि माधव डोळे मिटून म्हणतो, "परत एकदा घ्या." नर्सबाईंनी ते पान वाचलं आणि पुस्तक बराच वेळ मांडीवर ठेवलं. समासात काही लिहिलं नाही.

मी तेव्हापासून कचेरीतून आलो की कधी कधी त्यांच्याकडे डोकावायला लागलो. पहिल्यांदा फार अवघड वाटलं. विषय कसा काढावा कळेना. शेवटी एकदा त्या शेंगा सोलत असताना धीर करून सरळच विचारलं, "नर्सबाई, शरयू आज असती तर केवढी असती?"

त्यांना हिशोब करावा लागला नाही.

"एकतीस," त्या म्हणाल्या. "येत्या आश्विनात बत्तीस." आणि शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवून त्यांनी मला बसायला जागा केली.