हृदयरोग विभागाबाहेरचा कथासंग्रह

रोज एक तास मिळाला तर वर्षभरात माझा कथासंग्रह तयार, असं मी बायकोला, रागिणीला, छाती ठोकून सांगितलं होतं. प्रश्न फक्त त्या तासाचा होता. घरी वही उघडली की गॅस संपायचा. ऑफिसात उघडली की साहेबांना फाइल आठवायची.

शेवटी अकोल्यात, आमच्या ऑफिससमोरच्याच दवाखान्यात मला जागा सापडली. हृदयरोग विभागाबाहेरचा लांब बाक. वर पंखा, शेजारी थंड पाणी आणि कोणी कोणाशी बोलत नाही. जेवणाच्या सुट्टीत मी तिथं जाऊन बसू लागलो. घरी बोललो नाही. छापलेलं पुस्तकच तिच्या हातात ठेवायचं होतं.

तिसऱ्या आठवड्यात घरातलं वारं फिरलं. भाजीतलं तेल गायब झालं. मी सिलिंडर उचलायला वाकलो, तर रागिणीनं हात धरला.

"राहू द्या. तुमी बसा निवांत. मनात जे आहे ते करून घ्या."

ऑफिसात साहेब म्हणाले, "कुलदीपराव, आठ दिवस सुट्टी घ्या. फाइली काय, होत राहतील."

मला काही कळेना. एकाएकी सगळ्यांना साहित्याची एवढी कदर कशी आली?

सुट्टीच्या पहिल्या सकाळी वही उघडली, तोच अंजनगाव सुर्जीहून रागिणीचे देवरावमामा डाळिंबांची पिशवी घेऊन हजर. माझा हात हातात घेऊन बसले.

"जावईबापू, घाबरू नका. आमच्या गावच्या वामनरावचं दोनदा ऑपरेशन झालं. आता ट्रॅक्टर चालवून राहिला."

"चांगलं झालं. पण मले काहून सांगून राहिले?"

"मी बीपी दाखवाले आलतो तवा पायलं ना तुमाले. डॉक्टरच्या दारात, कपाळाले हात लावून वहीत लिहून राहिले होते. मृत्युपत्र होय ना ते?"

मामांनी रागिणीला फोन केला होता, रागिणीनं साहेबांना. ती दारात उभी होती, डोळे भरलेले.

"मामा, मी गोष्ट लिहीत होतो."

"हृदयाच्या दवाखान्यात?"

"तिथं पंखा आहे."

मग रागिणीनं डोळे पुसले.

"आठ दिवस माह्या घशाखाली घास उतरला नाही. आणा ती वही."

तिनं पानं उलटली. पहिल्यावर संग्रहाचं नाव. दुसऱ्यावर 'प्रिय रागिणीस'. तिथं ती जरा थांबली, म्हणून मी वाचलो. पुढची चार पानं ऋणनिर्देश. त्यापुढं कोरं.

"गोष्ट कुठी आहे?"

"विषय सुचला की लिहितोच."

मामांनी चष्मा लावून ऋणनिर्देश शेवटपर्यंत वाचला.

"यात माहं नाव नाही," ते म्हणाले.

मी लगेच पेन काढलं. आठ दिवसांच्या त्या सुट्टीत तेवढी एक ओळ लिहून झाली.