आतून भंडारा

"क्लच म्हंजे काय रं बिरुदेव? चकत्यांची उतरंड! जुन्या काडायच्या, नव्या बसवायच्या!" तात्याबा फोनवर मेव्हण्याला सांगत होते. चिंचोळी एमआयडीसीत तीस वर्षं फिटर होते, निवृत्त झाले तरी बोलणं ड्युटीवरच!

"दाजी, जत्रंला त्या फटफटीवर येणार? टेम्पो धाडतो की!"

"वाटंत बंद पडली तर भंगारात घालीन!"

झालं! बोलून बसले. ती फटफटी वडिलांनी वीस मेंढरं विकून घेतलेली. भंगाराचं नाव काढताच तात्याबांनी जीभ चावली, पण शब्द तो शब्द.

दोन दिवस अंगणात गोणपाटावर दुरुस्ती चालली. बायकोची, मायाक्काची परात तेलात गेली, दात घासायचा ब्रश चकत्या घासण्यात गेला. अखेर नव्या चकत्या बसल्या. झाकण लावायच्या आधी तात्याबांनी आरोळी ठोकली, "अगं, भंडारा आण!"

धनगराच्या घरात भंडाऱ्यावाचून कुठलं काम पुरं होतं? मायाक्का हळदीची वाटी घेऊन आली आणि हँडलला बोट लावू लागली.

"वरनं तर ट्रकवालेबी लावत्यात! काम आत केलंय, भंडारा आत पायजे!" तात्याबांनी मूठभर भंडारा उघड्या क्लचवर उधळला. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!"

मायाक्का डोळे मिटून देवाजवळ काहीतरी पुटपुटली.

जत्रेच्या सकाळी दोघं निघाले. अक्कलकोटपर्यंत गाडी झकास! तिथं चहाला थांबावं म्हणून तात्याबांनी क्लच दाबला. काही फरक नाही! आत तेलाचं आणि हळदीचं गरमागरम पिठलं शिजलं होतं, चकत्या एकमेकींना सोडायला तयार नव्हत्या. गिअर दुसऱ्यात अडकलेला. ब्रेक तर त्या गाडीला पहिल्यापासून शोभेपुरतेच!

"अवं, च्या?"

"फुडं पिऊ!"

मैंदर्गीजवळची सासुरवाडीची वस्ती आली. बिरुदेव हार घेऊन देवळासमोर उभा होता. तात्याबा त्याच्यासमोरून तसेच पुढे गेले! एकीकडे खेळण्यांची दुकानं, दुसरीकडे माणसं. मोकळी वाट एकच, देवळाभोवतीची. गाडी तिकडे वळली.

"दाजी प्रदक्षिणा घालाया लागले!" कोणीतरी ओरडलं. ढोल घुमले. दुसऱ्या फेरीला लोकांनी भंडारा उधळला. तिसऱ्या फेरीला तात्याबांच्या मिशा पिवळ्या झाल्या. चौथ्या फेरीला म्हाताऱ्या केराबाईने चालत्या गाडीला हात लावून नमस्कार केला! तात्याबा घामाघूम होऊन क्लच दाबत होते, आणि लोक म्हणत होते, काय भक्ती हाय!

"दाजी, जिकलासा!" बिरुदेव हार घेऊन मागे धावत होता. "गाडी बंद पडली न्हाय, मान्य! आता थांबवा की!"

"ती थांबंना, बिरुदेवा!"

पाचवी फेरी पुरी झाली. मागून मायाक्काचा हात शांतपणे पुढे आला आणि तिने टाकीजवळची इंजिनाची किल्ली फिरवली. गाडी गप्प झाली. वीस मेंढरांची फटफटी हार घालून देवळासमोर उभी राहिली, तेव्हा तात्याबांचे डोळे भरून आले. लोक म्हणाले, भंडारा गेला असंल.

जरा दम खाल्ल्यावर त्यांना सुचलं. "अगं, गडबडीत मला किल्ली सुचली न्हाय, पर तुला सुचली व्हती, मग पयल्याच फेरीला का न्हाय फिरवलीस?"

"अन् नवस कुणी फेडायचा?" मायाक्का पदर झटकत म्हणाली. "गाडी धड पोचली तर पाच प्रदक्षिणा बोलले व्हते!"