कडी लावून दाखव

दुपारी सव्वातीनला धाकट्याने बाथरूमचे दार आतून लावून घेतले. साडेतीन वाजले तरी ते उघडेना.

शर्यत चारला होती. पोहण्याच्या उन्हाळी वर्गाचा तो शेवटचा दिवस, आणि लहान गटाने तलाव आडवा पोहून जायचा, हा त्या दिवसाचा पहिलाच कार्यक्रम. तलाव इमारतीच्या मागेच होता, भिंतीतले लहान फाटक ओलांडले की आलाच. धाकटा सहा वर्षांचा. सुट्टी लागली तेव्हा तो पाण्यात पायाचा अंगठा बुडवायलाही तयार नव्हता. आता सुट्टी संपत आली होती आणि तो काठ सोडून पोहत होता, तेही पोटाखाली कुणाचा हात नसताना. आईने त्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. सकाळपासून ती अशी वावरत होती, की जणू उडी तिलाच मारायची आहे. थोरला नऊ वर्षांचा, म्हणजे मोठ्या गटात. त्याची शर्यत साडेचारला होती, पण तो जेवायलाही पोहण्याच्या चड्डीतच बसला होता.

"आई, दगड बाहेर येत नाहीये," त्याने वर्दी दिली.

"भावाला दगड म्हणू नकोस."

"बरं. भाऊ बाहेर येत नाहीये."

आई बाथरूमपाशी गेली. "बाळा, कडी काढ."

"निघत नाही," आतून आवाज आला.

"जोर लाव."

"लावला."

"किती?"

"सगळा."

दुसरी एखादी आई इथे दारावर धडका मारू लागली असती. ही आई पंख्यांच्या कारखान्यात तक्रार खात्यात होती. गिऱ्हाईक पंखा घेऊन यायचे आणि तो कसा खडखडतो याचे रसभरीत वर्णन करायचे. ही ते मध्येच थांबवून पंखा लावायची आणि म्हणायची, "करून दाखवा." बिघाड कानांनी ऐकायचा नसतो, डोळ्यांनी बघायचा असतो, असे तिचे ठाम मत होते आणि त्या मतावर तिला दोनदा बढती मिळाली होती.

घरीही तोच कायदा. पेला फुटला की कसा फुटला ते करून दाखवायचे, आणि करून दाखवण्यासाठी दुसरा पेला लागायचाच. त्या घरात पेल्यांचा एकही संच पूर्ण नव्हता, पण प्रत्येक पेला का फुटला याची खात्रीलायक माहिती होती. तलावावरही तेच. धाकट्याच्या नाकात पाणी गेले, की आई काठावरून ओरडायची, "नेमकं कसं गेलं? पुन्हा करून दाखव बरं." मग सगळ्या वर्गासमोर ते पाणी पुन्हा एकदा त्याच्या नाकात जायचे.

पण बंद दाराआडून कोण काय करून दाखवणार? आईने थोरल्याकडे पाहिले. "तुमच्या खोलीची कडी लावून दाखव. दारं सगळी सारखीच आहेत. तो काय चुकतोय ते कळू दे."

"काय चुकणार? दगडाला जोर नाही," थोरला म्हणाला. तो खोलीत गेला, दार ओढून घेतले आणि कडी सरकवली. कडी झोकात गेली. मग आतून दोनतीनदा कण्हल्यासारखा आवाज आला.

"आई."

"काय?"

"बहुतेक हे असं झालं असणार."

आईने दाराला हात लावला आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मागच्या आठवड्यात तिने घरातली सगळी दारे स्वतः रंगवली होती, निळी. ब्रश हातात होताच, तेव्हा कड्याही रंगवल्या. झोपायच्या खोल्यांची दारे त्यानंतर कुणी आतून लावलीच नव्हती. दोन मुलांच्या आईला दार लावून बसण्याची चैन कुठली? बाहेर ऊन मी म्हणत होते, रंगाचा जाड थर उकाड्याने मऊ झाला होता. कडी आत जाताना घसरून जायची आणि तिथे गेली की डिंक लावल्यासारखी बसायची.

तिने नवऱ्याला फोन लावला. तो बस चालवायचा आणि नशिबाने त्या वेळी आगारात उभा होता.

"तू कड्यांनाही रंग दिलास?" त्याने विचारले.

"मग? दारं निळी आणि कड्या गंजक्या, बरं दिसलं असतं का?"

"आता छान दिसतायत?"

"कड्या आतून आहेत आणि मी बाहेर आहे. मला दिसत नाहीत."

"हे बघ, माझी फेरी सुटतेय. सात वाजल्याशिवाय मी काही सुटत नाही. कुणाला तरी बोलाव. आणि एक ऐक, तू स्वतः काही करून बघायला जाऊ नकोस."

"मी कशाला जातेय," आई म्हणाली आणि फोन स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला.

एव्हाना आवाज ऐकून समोरच्या काकू उघड्या दारातून आत आल्या होत्या. काकू एकट्या राहायच्या आणि कुणाच्या घरात काही बिनसले, की आधी धावून यायच्या.

"काय गं, पोरांनी कोंडून घेतलं?"

"पोरांनी नाही काकू, रंगाने. कड्या चिकटल्यात."

"काहीतरीच. उरलेल्या रंगात तू आमची दारं नाही का रंगवून दिलीस? आमच्या कड्या बघ, लोण्यासारख्या फिरतात."

"कधी लावून बघितलीत?"

"मी एकटी बाई. मी कुणापासून दार लावून घेऊ?"

"मग एकदा लावून..." आई बोलून गेली. पुढचे शब्द तिने गिळले, पण पुष्कळ उशीर झाला होता. कामाला वाघ असलेल्या काकू तरातरा आपल्या घरी पोचल्यासुद्धा. आई मागून धावली. ती उंबऱ्यावर पोचली तेव्हा झोपायच्या खोलीचे निळे दार बंद झाले होते.

"काकू, थांबा, लावू नका."

"अगं, लावली. गेली बघ कशी सुरेख." थोडा वेळ खुडबुड. "अगं बाई. चिकटली की गं."

"ओढू नका जोरात, दांडा तुटेल."

"ते राहू दे. गॅसवर दूध ठेवलंय माझं."

दूध उतू जायला लागले होते. आईने धावत जाऊन गॅस बंद केला, सांडलेले दूध पुसायचा मोह आवरला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. चारला बारा मिनिटे कमी. तलावावर शिट्टीची चाचणी चालू होती. अर्धा उन्हाळा जे पोर काठाला घोरपडीसारखे चिकटून होते, ते आज तलाव ओलांडायचे सोडून एका कडीपायी बाथरूममध्ये बसून राहणार? हे होऊ द्यायचे नव्हते.

तिने शिवणयंत्राच्या तेलाची बाटली काढली. बेत सरळ होता. बशीत तेल घालून दाराखालच्या फटीतून आत सारायचे, पोरांनी ते बोटाने कडीला चोळायचे, कडी सुटेल. पण सुटेल याची खात्री काय? तक्रार खात्याचा दुसरा नियम असा, की उपाय आधी आपण पडताळायचा आणि मगच गिऱ्हाइकाला सांगायचा. नवऱ्याचा इशारा तिला आठवला नाही असे नाही. पण तो इशारा तेलाच्या आधीचा होता.

ती आपल्या खोलीत गेली. कडीला वरून, खालून, खाचेत भरपूर तेल सोडले. दार लावले. कडी सरकवली. इतकी अलगद गेली, की तिने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मग तिने कडी मागे ओढली.

थोरल्याच्या खोलीची आणि तिच्या खोलीची भिंत एकच होती. "आई, काय झालं?" त्याने विचारले.

"काही नाही."

"तू पण अडकलीस?"

आईने कडीला आणखी एक हिसका दिला.

"आई, तू पण?"

"चाचणी चालू आहे," आई म्हणाली. तेलकट हातातून कडी सटकत होती. पदराने धरून पाहिली, चपलेने ठोकून पाहिली. रंगाचे निळे टवके नखांत गेले, कडी मात्र ढिम्म. फोन ओट्यावर वाजून वाजून थांबला.

"माझी शर्यत साडेचारला आहे," थोरल्याने भिंतीपलीकडून आठवण केली.

"मला माहीत आहे."

"मोठ्या गटाला आडवं नसतं, उभं पोहायचं असतं. मी पहिला येणार होतो."

"येशील रे."

"खोलीतून?"

तेवढ्यात बाथरूममधून धाकट्याचा आवाज आला. इतका वेळ तो अगदी गप्प होता, हे आईच्या आत्ता लक्षात आले.

"आई, तू कुठे आहेस?"

"आमच्या खोलीत आहे बाळा."

"अडकलीस?"

"जराशी."

"दादा पण?"

"हो रे, मी पण," थोरला ओरडला.

"काकू पण?"

"मी पण रे सोन्या," दोन दारांपलीकडून काकूंनी हजेरी दिली.

"आणि बाबा बसवर."

"बाबा बसवर," आई म्हणाली. "पण तू अजिबात घाबरू नकोस हं. आपण काहीतरी..."

"म्हणजे तुम्ही कुणीच बाहेर येऊ शकत नाही?"

"आत्ता तरी नाही."

"नक्की?"

"नक्की."

मग खट्ट असा स्वच्छ, कोरडा आवाज झाला, दार करकरले आणि लहान पावले थपथप करत आईच्या दाराशी येऊन थांबली.

"तुझं दार उघडलं?" आईने विचारले.

"हो."

"कसं काय?"

"कडी काढली."

आता आईला आठवले. बाथरूमची कडी नवऱ्याने नवी बसवली होती, चकचकीत, आणि तिला तिने ब्रशही लावला नव्हता. आज सकाळी तिने स्वतः तीच कडी लावून अंघोळ केली होती. पंख्यांच्या कारखान्यात अशी चूक दुसऱ्या कुणी केली असती, तर तिने त्याला दिवसभर फैलावर घेतले असते.

"मग मघाशी का नाही काढलीस?"

"मघाशी तुम्ही येणार होतात."

आई दाराला कपाळ टेकवून उभी राहिली.

"तू काठावर उभी राहून हात मारून दाखवतेस," धाकटा म्हणाला. तो रडत नव्हता, नीट समजावून सांगत होता. "दादा दगड म्हणून ओरडतो. मग सगळे तुमच्याकडे बघतात. मी पण बघतो. मग पाणी नाकात जातं."

भिंतीपलीकडे थोरल्याची कडीशी चाललेली खुडबुड थांबली.

तलावावरून शिट्टी वाजली आणि सरांनी लहान गटाला काठावर बोलावले. आईच्या जिभेवर एकदम पुष्कळ गोष्टी आल्या. हनुवटी खाली ठेव, श्वास सोड, पाय ताठ. त्या सगळ्या तिने तिथेच अडवल्या.

"चष्मा घेतलास?"

"घातलाय."

"टॉवेल?"

"नंतर."

"ए, ऐक ना," थोरल्याने भिंतीपलीकडून हाक मारली. "आधी माझं दार ढकल."

"ढकललं तर उघडेल?"

"नाही."

"मग मी जातो. उशीर होईल."

"सरांना तरी सांग, आम्हाला काढायला कुणाला तरी पाठवा म्हणून. गेल्या गेल्या सांग."

"आधी पोह," आई म्हणाली. "मग सांग."

"आई, माझी शर्यत?"

पण पावले जिन्यावरून खालीसुद्धा गेली होती.

आई खिडकीशी धावली. गजांतून फाटक दिसत होते आणि तलावही, पण अर्धाच. पलीकडचा अर्धा कपडे बदलायच्या खोल्यांच्या छपराआड होता. अनवाणी, चष्मा लावलेले, तिचे स्वतःचे पोर फाटकातून वाऱ्यासारखे पळत गेले आणि रांगेच्या टोकाला उभे राहिले. ती एरवी जिथे उभी असायची त्या जागेकडे त्याने एकदा पाहिले. तिथे कुणी नव्हते. मग त्याने पुढे पाहिले.

शिट्टी झाली. सगळ्यांनी उड्या मारल्या. याने सगळ्यांच्या मागून मारली. मग डोके वर आले, हात आला, दुसरा हात आला, आणि त्याच्यापुढचा एक मुलगा मागे पडला. आणखी एक मागे पडला.

"आई, काय चाललंय?" थोरल्याच्या खोलीची खिडकी रस्त्याकडे होती.

"पोहतोय. अरे, पोहतोय तो."

"कितवा आहे?"

"छपराआड गेला."

"नाकात पाणी?"

"छपराआड गेला म्हटलं ना."

टाळ्या वाजल्या. कुणासाठी ते कळले नाही. आईच्या लक्षात आले, की आपण खिडकीत एकट्याच दोन्ही हात मारतो आहोत. तिने त्या हातांनी गज घट्ट धरले. त्यांना तेल आणि निळा रंग लागला.

"जिंकला का गं?" काकूंनी विचारले.

"दिसत नाही हो."

मग छपराच्या कडेने धाकटा बाहेर आला, ओलाचिंब, चष्मा कपाळावर चढवलेला. सर त्याच्या पाठीवर थोपटत होते, पण सर सगळ्यांच्याच पाठीवर थोपटायचे. तो काहीतरी बोलला, सर हसले आणि त्यांनी एका बाजूला बोट दाखवले. वर खिडकीकडे मात्र त्याने एकदाही पाहिले नाही.

"आई, सरांना सांगितलं त्याने?"

"काहीतरी सांगितलं."

"मग येतंय का कुणी?"

"नाही."

"मग तो काय करतोय?"

आईने गजांना गाल लावून नीट पाहिले.

"रांगेत उभा राहिलाय पुन्हा."

"कुठल्या रांगेत? त्यांची झाली ना?"

साडेचारला अजून थोडा वेळ होता. तलावाच्या आखूड बाजूला मोठ्या गटाची मुले उभी राहत होती, आणि त्यांच्या मध्ये, त्यांच्या कोपराएवढ्या उंचीचे एक डोके होते.

"आई, कुठल्या रांगेत?"

"तुझ्या," आई म्हणाली.

सरांनी शिट्टी तोंडात धरली होती. ती अजून वाजली नव्हती.