पेटीअण्णांनी भरलेली पेटी

आमच्या आळीतलं कुणी गावाला निघालं, की आधी पेटीअण्णांना सांगावं लागे. नाही सांगितलं तर ते आपणहून येत. घरापुढच्या तिण्णैच्या ओट्यावर फतकल मारून बसत, तुम्ही भरलेली पेटी उपसत आणि पहिल्यापासून पुन्हा भरत. नाव रामराव, पण ते पेन्शनीच्या कागदापुरतं. कुंभकोणमभर ते पेटीअण्णाच.

माझे यजमान एकदा नाचियारकोविलला समई आणायला निघाले होते. सकाळी बैलगाडीत बसलेला माणूस दिवेलागणीच्या आत घरी येतो. अण्णांनी त्यांना सुंठ, दोरखंड, जादा धोतर आणि कंदील बांधून दिला.

"अण्णा, दिवसाढवळ्या कंदील कशाला?" मी म्हटलं.

"गाडीचं चाक मोडलं, अंधार पडला, मग काय करशील?"

या 'मग काय करशील'पुढे आळीत कुणाचं काही चालत नसे. कंदील गेला तसा परत आला. समई मात्र आली नाही. धरायला हातच मोकळा नव्हता म्हणे.

अशा माणसाच्या घरी तुळसा वाढत होती. अण्णांची नात. आई बाळंतपणात गेलेली, बाप रंगूनला कारकुनी करणारा. अण्णांनी तिला मिशनच्या शाळेत घातलं तेव्हा आळीने नाकं मुरडली. मीही दोन शब्द बोलले. तर मलाच म्हणाले, "उद्या मी मेलो, हिला चार अक्षरं येत नसली, मग काय करशील?"

त्या शाळेच्या मिसबाईंनी मुलींना समुद्रकाठी कँपला न्यायचं ठरवलं. शुक्रवारी जायचं, रविवारी परत यायचं. प्रार्थना, गाणी, वाळूत खेळ. तुळसाने समुद्र कधी पाहिला नव्हता. तिला दुसरं काही सुचेना. अण्णांच्या तोंडून 'नाही' निघेना, आणि पोर बाटून येईल ही धास्तीही सुटेना. शेवटी त्यांना जे येत होतं तेच त्यांनी केलं. पेटी भरायला घेतली.

चिंचभाताचा डबा, पोहे, मेतकूट, चकल्या. तिचं ताट, तिचा पेला, बसायला पाट. फिरकीच्या झाकणाचा पितळी कूजा, त्यात काठोकाठ कावेरीचं पाणी.

"अण्णा, लेकरू समुद्रावर चाललंय, काशीला नाही."

"तिकडच्यांचं पाणी प्यावं लागलं, मग काय करशील?" मग तुळसाला समोर बसवून म्हणाले, "तुझ्या अन्नाला कुणाला शिवू द्यायचं नाही. शिवलं की टाकून द्यायचं. कळलं?"

तुळसाने मान हलवली. फार ऐकणारी पोर हो.

रविवारी ती जटक्याच्या घोडागाडीतून उतरली. अण्णांनी तिच्याआधी पेटीला हात घातला. डबा रिकामा, कूज्यात थेंब नाही. म्हातारा असा खूश झाला, की काही विचारू नका. "पाहिलंस? काही कमी पडलं नाही."

"समुद्र कसा होता गं?" मी विचारलं.

"मोठा होता, मावशी." मग म्हणाली, "सगळ्या एका पंगतीत जेवत होत्या. मी लांब, पाट मांडून. पहिल्या दिवशी मेरी चकली मागायला आली. मी म्हटलं, शिवू नकोस. मग कुणी आलंच नाही. खेळायलासुद्धा बोलावलं नाही."

तक्रार म्हणून नव्हती सांगत. विचारलं म्हणून सांगितलं. अण्णांनी पेटीचं झाकण लावलं आणि आत निघून गेले.

पुढच्या वर्षी पुन्हा कँप निघाला. अण्णा आपल्या तोंडाने म्हणाले, "जा, तुळसे. पेटीबिटी काही नको. सगळ्यांच्या पंगतीत जेव." माझा कानांवर विश्वास बसेना.

"नको, आजोबा," तुळसा म्हणाली.

त्यांनी समुद्राची लालूच दाखवली, रागावून पाहिलं, हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले. नको म्हणजे नकोच. मला असा संताप आला, आणि तो नेमका कुणाचा तेही कळेना. पोरीची हौस घरातल्या घरात मेली, आणि तीही प्रेमापोटी.

बाकीच्या मुली कँपला गेल्या, त्या दुपारी मी विरजण मागायला अण्णांकडे गेले. ते नेहमी सोवळ्यात एकटे जेवत. तुळसाला नंतर वाढत. त्या दिवशी पाहते, तर त्यांनी आपल्या पानाशेजारी तिचं पान मांडलेलं. शाळेतून आली तशी तिला हाताला धरून बसवलं.

"कपडे बदलून येऊ?" तिने विचारलं.

"असू दे."

मी दारातच थांबले. दोघं जेवू लागली. तुळसाची मान खाली. अण्णा भात कालवत तिच्याकडे बघत होते, घास काही उचलत नव्हते. शेवटी त्यांना राहवेना.

"बोल की काहीतरी, तुळसे. शाळेतलं सांग."

तुळसाने तोंडातला घास गिळला.

"जेवताना बोलू नये, आजोबा," ती हळूच म्हणाली. "तुम्हीच शिकवलंय."