मोडण्याआधी हँडल

सोमाटण्याच्या गेनूभाऊंकडे जुन्या मोटारी मोडण्याचा सरकारी परवाना होता आणि मोटारी मोडण्याची त्यांना मुळीच हौस नव्हती. परवाना फ्रेम करून देवांशेजारी टांगलेला. उदबत्ती दोघांना मिळून एकच.

मोडीत गाडी आली की भाऊ आधी हँडल मारत. "जित्ती हाय का बगू. जित्तीला मी घन लावत न्हाई." तीन-तीन दिवस खटपट चाले. इंजिन धडधडलं की मालकाला निरोप जाई, "घेऊन जावा." लोणावळ्याचे एक हॉटेलवाले आपली मोटार बैल जुंपून घेऊन आले, निरोपाचा नारळसुद्धा फोडून गेले. चौथ्या दिवशी तीच मोटार चालवत त्यांना परत जावं लागलं. वर भाऊंनी सुनावलं, "आजारी मानसाला कुनी मसनात आनतं व्हय?"

आवाराच्या कोपऱ्यात भाऊंचा स्वतःचा ट्रक मात्र कैक वर्षं उभा होता. त्याला ते हँडलच मारत नसत. मी शेजारचा शाळामास्तर, मला कारण ठाऊक होतं. ट्रकचं डावं दार आतून लागत नसे. वलवणला माहेरी जायला भाऊंची बायको, आमच्या काकू, चढून बसल्या, की भाऊ उतरून वळसा घालून येत, दार उचलून बाहेरून दणका देत. आतून काकू म्हणत, "लागलं." मग गाडी निघे. काकू वारल्या आणि ट्रक उभा राहिला तो राहिलाच.

एकदा परवाना तपासायला साहेब आले. त्यांनी ट्रक पाहिला. "परवाना गाड्या मोडण्याचा आहे, पाळण्याचा नाही. आठवड्यात हा मोडा, नाहीतर परवाना रद्द."

सातव्या दिवशी सकाळी भाऊंनी हँडल हातात घेतलं. दुपारपर्यंत मारत होते. शेवटी ते खाली ठेवून म्हणाले, "गेली, मास्तर." आणि स्वतःच घण उचलला. मला काही तिथे थांबवेना.

दार तेवढं त्यांनी ठेवलं. आपल्या पत्र्याच्या खोलीला बसवलं. मालकांनी टाकलेल्या गाड्या उठवून बसवणारा हा माणूस, पण ते दार काही दुरुस्त करीना. एका संध्याकाळी गेलो, तर भाऊ आत बाजेवर बसलेले, दार सताड उघडं, वारा आत घुसतोय.

"दार का लावत नाही, भाऊ?"

"आतनं लागत न्हाई त्ये. बाहीरनं कुनीतरी लावाया पायजे."

मी बाहेर आलो, दार उचललं आणि दणका दिला.

आतून भाऊ म्हणाले, "लागलं."