कदमकाकांच्या खांद्यावरचा पदर

आमच्या मीरा रोडच्या सोसायटीतले कदमकाका रोज दुपारी चार वाजता मॉलमध्ये जातात आणि साडी नेसतात. म्हणजे शर्ट-पँटवरूनच. पदर खांद्यावर, निऱ्या पोटाशी, एक हात कमरेवर. मिशी मात्र तशीच.

घाबरू नका. काका मूळचे महाडचे, पण उभी हयात भाईंदर स्टेशनजवळच्या साडीच्या दुकानात गादीवर गेली. गिऱ्हाइकाला साडी सेल्समननेच अंगावर घेऊन दाखवायची, हा तिथला रिवाज. दुकान बंद पडलं, काका रिटायर झाले, पण त्यांचा खांदा काही रिटायर होईना. मॉलमध्ये हँगरला लटकलेल्या साड्या बघून ते खवळलेच. "साडी काय वाळत घालायला असते? पदर बघायचा असतो, वहिनी!" म्हणत त्यांनी एका अनोळखी बाईसमोर साडी खांद्यावर टाकली. बाई पोट धरून हसली आणि दोन साड्या घेऊन गेली.

तेव्हापासून काउंटरवरची रेश्मा त्यांची शिष्या. पगार नाही, काही नाही. काका चहासुद्धा घरून पिऊन जायचे. मी चेष्टा केली की म्हणायचे, "तुला नाय कळणार. घरी बसून करू काय?"

मागच्या महिन्यात नवा मॅनेजर आला. त्याने काकांना निऱ्यांसकट पकडलं. "अंकल, यहाँ सिर्फ स्टाफ और कस्टमर."

काका चार दिवस गॅलरीत बसून होते. जेवणावर वासना नव्हती. पाचव्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात. "चल रे. कस्टमर म्हणून जातोय."

मॅनेजर लांबून बघत होता. रेश्माने रीतसर विचारलं, "काका, कोणासाठी दाखवू?"

हा प्रश्न काकांनी आजवर किती नवऱ्यांना विचारला असेल! आता उत्तर द्यायची पाळी त्यांची होती. मग हळूच म्हणाले, "बायकोसाठी. रंग सावळा. अंगानं बारीक आहे, निऱ्या आठ पडतात. भडक नको म्हणते."

रेश्माने मोरपंखी साडी उलगडली, युनिफॉर्मवरून स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि काकांनी शिकवल्याप्रमाणे चापून निऱ्या घातल्या. काका बघत राहिले. मी मात्र मान खाली घातली. काकूंना जाऊन दीड वर्ष झालंय.

"पॅक करू, काका?"

"छे, ती एका साडीवर कधी थांबत नाय," काका म्हणाले. "अजून एक दाखव."